वद्य षष्ठीची ओहोटी

पेण, ११ जानेवारी २०२६

दत्त्या,

हे पत्र मी तेरा महिने टाळलं. आधी म्हटलं हात बरा होऊ दे. मग म्हटलं डाव्या हाताला वळण लागू दे. मग गणपती आले, त्या दिवसांत कारखान्यात नाक शिंकरायला वेळ नसतो. गणपती गेले आणि कारण उरलं नाही, तेव्हा पोस्टातून पाकीट आणलं. ते महिनाभर साच्याशेजारी पडून राहिलं, त्याच्यावर प्लास्टर सांडलं आणि ते दगड झालं. हे दुसरं पाकीट.

अक्षराला हसू नको. डाव्या हाताचं आहे. तसं उजव्याचंही काही मोठं नव्हतं. नववीत मास्तर म्हणायचे, निकेश, तुझ्या वहीत बगळे उतरले होते का. त्याच वर्षी शाळा सोडली, त्यामुळं बगळे तसेच राहिले.

तुझा फोन बंद. म्हणून हे निडीला, तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतोय. तुझ्या आईला, धोंडुबाई काकीला, वाचता येत नाही हे मला माहीत आहे. ती कुणाकडून तरी तुला पोचवेल, नाहीतर चुलीत घालेल.

मी सध्या पेणला गणपतीच्या कारखान्यात आहे. साच्यात माल ओततो, निघालेल्या मूर्ती उन्हात मांडतो. आखणीचं, म्हणजे डोळे काढायचं काम उजव्या हाताचं, ते आता गेलं. खरं सांगायचं तर आधीही माझं नव्हतंच. एकदा मी एका मूर्तीचे डोळे काढले तर शेठ म्हणाला, हा गणपती आहे की वडखळच्या नाक्यावर गाडी चुकलेला पॅसेंजर.

भरकटलो. मुद्द्यावर येतो. मी केस टाकली आहे. भरपाईची, अलिबागच्या कोर्टात. वकील आहेत पूजा मॅडम, वय माझ्याएवढंच असेल, ऑफिस एका मेडिकलच्या माडीवर. जिना चढताना खालून औषधांचा वास येतो, मी दोन-दोन पायऱ्या टाकत वर जातो. त्यांनी मला सांगितलं, झालं ते सगळं एकदा कागदावर लिहून काढ, न घाबरता. तेच तुझ्यासाठी पुन्हा उतरवतोय. कुठं चुकलं असेल तर सांग, कारण तुझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही.

२१ डिसेंबर २०२४, शनिवार. संध्याकाळचे पाच. भरतीच्या पाण्याबरोबर आपली बार्ज कोळसा घेऊन धरमतरच्या जेटीला लागत होती. बार्ज चालवणारा पोपट सारंग वर केबिनमध्ये. तू पुढच्या विंचवर, तार ओढायच्या यंत्रावर. मी उडी मारून जेटीवर, तारेचा फासा लोखंडी खुंटावर चढवायला. हातमोजे नव्हते, कारण हातमोजे मस्टरवर नाव असलेल्यांना, आणि मी बदली खलाशी. माझ्याकडं ट्रेनिंगचा कागद नव्हता, त्यामुळं जो खलाशी गैरहजर असेल त्याच्या नावापुढं माझी हजेरी लागायची. अकरा महिने मी कधी एकाच्या नावानं जगलो, कधी दुसऱ्याच्या. मला तर त्याची गंमत वाटायची.

विंचचा ब्रेक महिनाभर धरत नव्हता. तू दोनदा सांगितलंस, मी एकदा. सुभाष सुपरवायझर काय म्हणाला ते माझ्या कानात आहे. ‘काथ्या बांधा आणि ही खेप निभवा.’ म्हणून तू ब्रेकचा दांडा काथ्याच्या दोरीनं बांधायचास, प्रत्येक खेपेला. त्या दिवशी बार्जला धक्का बसला, दोरी सुटली, तार ताणली गेली आणि माझा हात तार आणि खुंटाच्या मधे राहिला. अंगठा गेला, त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिची शेजारीण शाबूत आहेत. दोघी मिळून चहाचा कप धरतात.

पुढचं मला नीट आठवत नाही. जेटीवर कोळसा झाडणाऱ्या बायका ओरडल्या एवढं आठवतं, आणि सुभाष त्यांना टेम्पोत चढा म्हणून हाकलत होता. कुणीतरी माझा हात घट्ट बांधला. तूच बांधला असशील. तो फडका माझ्याकडं आहे. तीनदा धुतला, डाग जात नाही. एक विचारतो, गुलाबी फुलाफुलांचा फडका तू कधीपासून वापरायला लागलास?

आता ठेकेदार म्हणतोय की असं काही घडलंच नाही. मी त्यांच्या बार्जवर पाऊलही ठेवलं नव्हतं. मी माझ्या होडीत मासे मारत होतो आणि तिथं हात चेंगरला.

मी कुठल्या कागदावर सही केलेली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

तुझ्या साक्षीची गरज आहे. एवढंच.

निकेश


पेण, २८ जानेवारी २०२६

दत्त्या,

उत्तर आलं नाही म्हणून परवा पेणवरून गाडी पकडून निडीला गेलो. गाडीत एक माणूस कोंबडा घेऊन बसला होता. त्या कोंबड्याला प्रत्येक स्टेशनावर उतरायचं होतं. माझ्यासारखाच. रोह्याच्या केमिकल कंपनीत चार महिने, गोव्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून एक पावसाळा, नंतर कुणाच्या तरी लग्नात बँडवाल्यांबरोबर महाडपर्यंत. बार्जवर तेवढा टिकलो, ते तुझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलामुळं असावं.

काकी दारात मिरच्या निवडत बसली होती. मला पाहिलं. तोंडाकडं नाही, आधी सरळ उजव्या हाताकडं. मी तर हात खिशात घातला होता. मग ती उठली, आत गेली, दार लावलं. आतून म्हणाली, “तो नाय इथं. जा तू.”

मी म्हटलं, काकी, मी भांडायला आलो नाही. त्यावर नुसता खोकल्याचा आवाज. कासूच्या वीटभट्टीचा खोकला अजून आहे तिला. तू तेव्हा म्हणायचास ना, आईला भट्टीवर जाऊ नको सांगतो पण ऐकत नाही.

मी पायरीवर थोडा वेळ बसलो. तिनं दार उघडलं नाही. उठलो तर पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवलेला होता, मागच्या दारानं येऊन ठेवला असणार. तो प्यायलो आणि आलो.

आता ऐक. तू का पळालास ते मला कळत नाही असं समजू नको. विंच तुझ्या हातात होता. तुला वाटतं, साक्ष दिली की पोलीस तुलाच धरतील. सुभाषनं तुला तेच सांगितलं असणार, कारण मला हॉस्पिटलात त्यानं तेच सांगितलं. म्हणाला, केस केलीस तर दत्ता आत जाईल, तुला चालेल का. मी तेव्हा गप्प बसलो. मैत्री म्हणून बसलो असं वाटायचं, पण अर्धी भीतीच होती.

पूजा मॅडमना मी हे विचारलं. त्यांनी तीनदा समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं, म्हणून तुलाही सावकाश सांगतो. भरपाईच्या केसमध्ये चूक कुणाची हे कोर्ट बघत नाही. एवढंच बघतं की माणूस कामावर होता का, आणि त्या कामामुळं त्याला इजा झाली का. तुझा हात सुटला की ब्रेक सुटला, या प्रश्नाला तिथं जागाच नाही. मस्टरवर नाव नसलं तरी चालतं, बदलीवरचा माणूसही कामगारच. ठेकेदार हात वर करून पळाला तरी ज्या कंपनीचा माल ती बार्ज वाहते तिला सुटता येत नाही. आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, तो आपण केला आहे. हे सगळं कायद्यात आधीपासून होतं, दत्त्या. मी आणि तू बार्जवर पत्ते पिसत बसलो होतो तेव्हाही होतं. कुणी सांगितलं नाही. जेटीच्या भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहिलेलं, आणि त्याच्याच खाली तो विंच.

गेल्या आठवड्यात सुभाष कारखान्यात आला होता. हातात मिठाईचा पुडा. म्हणाला, अर्ज मागं घे, गेटवर खुर्ची देतो. वॉचमनची. बसून राहायचं, गाड्यांचे नंबर लिहायचे. मी म्हटलं, सुभाषशेठ, आजवर मला कुणी एका जागी बसवू शकलं नाही, माझ्या बापानं दोरीनं बांधून पाहिलं होतं. तो हसला नाही. जाताना म्हणाला, “कोर्टात तुला ओळखणार कोण हाय?”

पुडा विसरून गेला. पेढे होते. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

निकेश


पेण, १८ फेब्रुवारी २०२६

दत्त्या,

काल तारीख होती. आधी एक कबुली देतो, मग मजा सांगतो.

पहिल्या पत्रात लिहिलं की मी कशावर सही केली नाही. ते अक्षरशः खरं आहे. सही केली नाही, अंगठा दिला. डावा. पेणच्या त्या छोट्या दवाखान्यात, जिथं सुभाष मला गाडीत घालून घेऊन गेला, तिथं. कागद कोरा होता. तो म्हणाला, इलाजासाठी लागतो. इंजेक्शनानं माझी जीभ जड झालेली. पण मला कळत होतं. कोरा कागद कशाला लागतो हे नववी नापासालाही कळतं. मी दिला, कारण नाही म्हणालो तर दवाखान्याबाहेर ठेवतील अशी भीती वाटली. ही गोष्ट मी पूजा मॅडमनासुद्धा सांगितली नव्हती. काल ठेकेदाराच्या वकिलानं तो कागद काढून दाखवला तेव्हा मॅडमनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की खाडीत उडी घ्यावी. नंतर म्हणाल्या, असा कागद लिहून कुणाला आपला हक्क सोडता येत नाही, पण वकिलाशी खोटं बोललास तर मी तुला सोडू शकते. मी कान धरले. एका हातानं दोन्ही कान धरणं कसं जमतं ते भेटलास की दाखवीन.

आता तो कागद. त्याच्यावर नंतर टाईप करून लिहिलंय: मी निकेश, दिनांक २१ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी अकरा वाजता आमच्या गावच्या उघाडीजवळ स्वतःच्या होडीत मासे मारत असताना, होडी उघाडीच्या भिंतीवर आदळून माझा उजवा हात चेंगरला.

उघाडी म्हणजे बांधातलं ते पाण्याचं दार, तुला माहीत आहे. सकाळी अकरा हे सुभाषनं का लिहिलं असेल? कारण आपली पाळी दोनला सुरू व्हायची. पाळीच्या आधीची वेळ हवी म्हणून अकरा. ऑफिसात बसून लिहिलं. कोपरगावकडचा माणूस, चार वर्षं खाडीवर राहिला पण खाडीकडं एकदा बघितलं नाही.

त्यांचा वकील मला विचारायला उठला. हा अंगठा तुझाच ना. म्हटलं माझाच, शिल्लक आहे तोच. न्यायाधीश साहेब जरा हसले. मग वकील म्हणाला, मग मजकूरही तुझाच.

मी म्हटलं, साहेब, त्या दिवशी तिथी कोणती होती?

वकील म्हणाला, कोर्टात पंचांग चालत नाही. पण साहेब म्हणाले, बोलू द्या त्याला.

तेव्हा मी सांगितलं. माझा बाप मिठागरात राबला. मला त्यानं एकच गणित शिकवलं, शाळेनं शिकवलेलं एकही राहिलं नाही पण ते राहिलं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. त्या दिवशी मार्गशीर्ष वद्य षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. आमच्याकडं खाडी आत असल्यामुळं अर्धा-पाऊण तास उशीर, म्हणजे पाच. पाचला भरती, तर सकाळी अकराला काय? ओहोटी. आणि षष्ठी म्हणजे उधाणही नाही, अष्टमी दोन दिवसांवर, पाणी आधीच मरतुकडं. साहेब, त्या वेळी आमच्या उघाडीजवळ फक्त चिखल असतो. गुडघाभर. तिथं होडी आदळायची तर आधी चार माणसांनी ती खांद्यावर आणायला हवी. आणि मासे मारायचे तर मी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांना हाका मारत बसलो होतो असं लिहायला हवं होतं.

कोर्टात हसू फुटलं. शिपाई समुद्रकाठच्या वरसोलीचा निघाला, तो मान डोलवत होता, जणू काही मी त्याच्याच बापाचं नाव घेतलं. पूजा मॅडमनी लगेच बंदराच्या ऑफिसातलं छापील वेळापत्रक मागवण्याचा अर्ज दिला. साहेबांनी तिथल्या तिथं मंजूर केला.

येताना एस.टी. धरमतरच्या पुलावरून आली. खाली एक बार्ज चढत होती, पुढं तार घेऊन एक पोरगा उभा. हातमोजे नव्हते. मी खिडकीतून ओरडलो, अरे हात काढ. त्याला काय ऐकू जाणार. बाजूच्या बाईनं पिशवी उचलून जागा बदलली.

निकेश


पेण, १५ मार्च २०२६

दत्त्या,

बंदराचं वेळापत्रक आलं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ओहोटी, पाचच्या सुमारास भरती. बापाचं गणित छापून आलंय. मी त्याची झेरॉक्स काढून बापाच्या फोटोमागं खोचली.

पण ती माणसं दांडगी. होडी बुडाली म्हणताच दुसरी काढली. आता त्यांचं म्हणणं, बरं, कागद चुकला असेल, हा कुठंतरी दुसरीकडं चेंगरला असेल. आमच्या बार्जवर नव्हता. मस्टर बघा. मस्टरवर त्या दिवशी तिसरंच नाव आहे, आणि तो तिसरा छातीठोकपणे म्हणतो की हो, मी होतो. पोपट सारंगानं सांगितलं, मी केबिनमध्ये होतो, पुढचं दिसत नाही. पोपटमामा, तुम्हाला पुढचं दिसत नाही तर बार्ज चालवता कशी, हे मॅडमनी विचारलं.  त्याच्या चेहऱ्याची राख झालेली बघवली नाही. त्याच्या दोन पोरी कॉलेजात आहेत. मी त्याला शिव्या घालणार होतो, घातल्या नाहीत. हे लिहून ठेव, माझ्या हातून फार वेळा होत नाही.

मॅडमनी विचारलं, आणखी कुणी होतं का तिथं. मी म्हटलं, कोळशाच्या बायका. त्या म्हणाल्या, मग शोध. मी म्हटलं, मॅडम, त्यांना कुठं शोधणार. ठेकेदार आज या वाडीवरच्या आणतो, उद्या त्या. डोक्यापासून हनुवटीपर्यंत फडकी बांधलेली, डोळे सोडले तर काही दिसत नाही. अकरा महिने रोज त्यांच्या अंगावरून उड्या मारत गेलो, एकीचं नाव सांगता येत नाही. मॅडमनी पेनाचं टोपण लावून ठेवलं.

म्हणजे उरलास तू.

२४ मार्चला साक्षीची शेवटची तारीख आहे. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, त्या दिवशी कुणी उभा राहिला नाही तर आहे त्यावर निकाल. आहे त्यात मी बार्जवर होतो याचा एकही पुरावा नाही. म्हणजे कोर्ट लिहील की निकेश नावाचा माणूस तिथं नव्हताच. मला दुसरं काही नको असं म्हणणार नाही, भरपाई हवीच, तो माझा हात होता. पण हे ‘नव्हताच’ मला गिळवत नाही. अकरा महिने दुसऱ्यांच्या नावानं जगलो ती गंमत होती. हात माझ्या नावानं गेला पाहिजे.

तू येणार नसलास तर नको येऊस. मी इतके महिने तुझ्यावर रागावलो होतो, ते तू विंच सोडलास म्हणून नाही. तू हॉस्पिटलात आला नाहीस म्हणून. एवढं लिहिलं की संपलं. आता राग नाही, किंवा थोडा आहे, तो ठेवून घेतो, उपयोगी पडेल.

मी उभा राहणार. एकटा असलो तरी. माझा हात टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, हा मस्टर बघा.

सुभाषनं परत निरोप पाठवलाय, खुर्ची अजून रिकामी आहे. मी निरोप पाठवला, तुम्हीच बसा, तुमचे पाय दुखत असतील.

निकेश


पेण, २३ मार्च २०२६, दुपार

दत्त्या,

उद्या तारीख. तू येत नाहीस हे कळून चुकलंय, तरी सवय लागली म्हणून लिहितोय. आज ऊन कडक आहे, मूर्ती झटपट सुकतायत. शेठनं मला एक लहान मूर्ती दिली, म्हणाला डाव्या हातानं डोळे काढून बघ, बिघडली तर बिघडली. काढले. पॅसेंजरच आहे, पण या पॅसेंजरला गाडी मिळालेली दिसते.

उद्याचा शर्ट धुवून वाळत

थांब. फाटकावर कुणी बाई माझं नाव विचारतेय.

दत्त्या, काकी आली आहे.

मी हे तिच्यासमोर बसून लिहितोय, तीच म्हणाली लिही. निडीहून एकटी आली, स्टेशनापासून चालत. साच्याच्या उपड्या पेटीवर बसली आहे.  मी पाणी दिलं. प्यायली, खोकली, आणि म्हणाली, “माजा फडका कुठं हाय?”

मला कळेना. ती म्हणाली, “गुलाबी. फुलाफुलांचा. तुज्या हाताला बांधला तो.”

मी माझ्या कपड्यांच्या पेटीतून काढून दिला. तिनं डाग बघितला, त्यावरून बोट फिरवलं.

हे आता ती सांगतेय तसं लिहितो, कारण ती म्हणते, तुला तोंडानं सांगायला तिला जमलं नाही. ती कासूच्या भट्टीवर कधीच जात नव्हती. ठेकेदाराच्या टेम्पोत बसून धरमतरला यायची, कोळसा झाडायला. तू एकदा म्हणाला होतास की माझी आई माझ्या जेटीवर झाडू मारणार नाही, म्हणून भट्टीचं नाव सांगितलं. तोंड बांधलेलं असायचं, तुला कधी कळलं नाही. तुझी बार्ज लागायची तेव्हा ती झाडू धरून बघत उभी राहायची, तू विंचवर कसा उभा राहतोस ते. मुकादम ओरडायचा.

त्या दिवशी ती खुंटापासून दहा पावलांवर होती. मी उडी मारून उतरलो ते तिनं पाहिलं. हात तिनं बांधला. टेम्पोत चढताना तिच्या डोक्यावर फडका नव्हता, म्हणून पदर तोंडात धरून बसली, तू ओळखशील म्हणून.

मी विचारलं, काकी, मग मी आलो तेव्हा दार का लावलंस गो? म्हणाली, “पोरगा आत जाईल असं वाटायचं. तुजी पत्रं अंगनवाडीच्या प्रतिक्षा बाईंनी वाचून दाखवली. चूक कोनाची ते कोर्ट बघत नाय, असं लिवलंयस. ते खरं का, का मला गुंडाळायला लिवलंस?”

म्हटलं, खरं. तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं. मग मॅडमना फोन लावून तिच्या कानाला दिला. मॅडम बराच वेळ बोलत होत्या, ती नुसती हूं हूं करत होती. फोन देऊन म्हणाली, “काथ्या बांधा म्हनून सुभाष बोलला ते मी ऐकलंय. एकदा नाय, तीन खेपांना. ते सांगितलं तर चालंल?”

चालेल, काकी.

काम जाईल तुझं, असं मी म्हटलं. म्हणाली, “कवाच गेलं. खोकला लागला तवा टेम्पो थांबायचा बंद झाला.” आणि मग तिनं मला विचारलं, हा खोकलासुद्धा कोर्टात सांगता येतो का. दत्त्या, मला हे एकदाही सुचलं नव्हतं. ते मॅडमना विचारायचं ठरलंय.

तिच्याकडून आणखी एक कळलं. प्रतिक्षा बाई ही पत्रं तुला फोनवर वाचून दाखवतात. तू गुजरातेत कुठल्या तरी जेटीवर आहेस, ऐकतोस आणि शेवटी फक्त विचारतोस, त्याचं अक्षर कसं आलंय. तर ऐक, सुधारतंय. आणि तिथला ब्रेक तपास. बांधा म्हणाले तर बांधू नको.

एस.टी. सकाळी सातची आहे. काकी आज आमच्याकडं राहील, आईनं चूल पेटवली असेल. आत्ता ती उठली, फडका झटकला आणि सवयीनं डोक्यावरून घेऊन नाकावर बांधायला लागली. मी म्हटलं, काकी, उद्या तिथं तोंड उघडं लागेल.

ती थांबली. मग फडका सोडला, घडी घातली आणि पिशवीत टाकला.

निकेश